सावरीची उशी

सुगरा ओरडली की गल्लीला वेळ कळायची. सकाळचा चहा उतरायच्या सुमाराला एकदा, दुपारची भांडी वाजायची थांबली की एकदा आणि दिवेलागणीला पुन्हा. "या अल्ला! मारलं गं बाई मला ह्या माणसानं!" असा आवाज उठला की त्या बोळातलं कुत्रंसुद्धा उठून दुसऱ्या दारात जाऊन बसायचं.

पहिल्या दिवशी माणसं धावत आली. येणारच की! शमशुद्दीन नदाफ, म्हणजे सगळ्यांचा शमशूभाई गादीवाला, उभ्या जन्मात मोठ्यानं बोललेला माणूस नव्हे. तो बायकोला मारतोय? दारात येऊन बघतात तर सुगरा पलंगावर आडवी, दातात पदर धरलेला, आणि शमशूभाई कडेला बसून दोन्ही हातांनी तिचा उजवा गुडघा खाली दाबतोय. ओरडत ती होती, घाम त्याला फुटला होता.

"काय न्हाय, व्यायाम हाय," तो कसाबसा म्हणाला.

माणसं हळहळली आणि जाता जाता चार उपदेश करून गेली. एरंडेल चोळा, शेक द्या, बिचारीला असं नका करू. उपदेश करायला कुणाच्या बापाचं काय जातंय? पुढं पुढं कोणी यायचं बंद झालं. नुसतं म्हणायची माणसं, "बसला वाटतं शमशूभाई गुडघ्यावर."

हे सगळं झालं त्या लुनापायी. साल अठ्ठ्याण्णव. गणपती नुकतेच गेले होते. पावसात गादीवाल्याचा धंदा मेल्यातच जमा असतो. कापूस ओल धरतो आणि लोकांनाही जुनी गादी उसवायला जिवावर येतं. उघडीप पडली तशी एक ऑर्डर आली आणि गादी गंगावेशीत पोचवायची ठरली. शमशूभाई पुढं, गुंडाळलेली गादी मध्ये आडवी, आणि तिला कवळा घालून सुगरा मागं. अशी कैक वर्षं दोघांनी गाद्या पोचवल्या होत्या, बघणाऱ्याला लांबून वाटायचं गादीलाच दोन डोकी फुटलीत. वळणावर ओल्या शेणावरनं चाक सरकलं. शमशूभाई एका अंगाला पडला, त्याला साधं खरचटलंसुद्धा नाही. सुगराला हात टेकता आले असते, पण हात गादीला होते. गिऱ्हाइकाची गादी चिखलात जायला नको म्हणून तिनं ती सोडली नाही आणि तशीच गुडघ्यावर आपटली. गादीला डाग लागला नाही. गुडघ्याच्या वाटीचे मात्र तुकडे झाले.

ऑपरेशन झालं. कंबरेत सुई देऊन खालचं अंग बधिर केलेलं, पण सुगराचे कान जागे होते. डॉक्टरांनी वाटी तारेनं बांधली, तेव्हा पक्कडीनं तार पिळल्याचा आवाज तिनं ऐकला. तो आवाज पुढं तिच्या डोक्यातून गेलाच नाही. कुणी नुसता सायकलचा ब्रेक दाबला तरी तिच्या अंगावर काटा यायचा.

घरी सोडताना दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी पोरगी आली. अक्षता तिचं नाव. गडमुडशिंगीहून रोज बसनं येणारी, अंगानं काडी, पण आवाज खणखणीत. तिनं सुगराच्या पायाला लांब ताठ पट्टी बांधून दाखवली.

"चाची, ही रात्री पण काढायची न्हाय. दिवसा काढली की टाचेखाली टॉवेलची गुंडाळी घालायची आणि गुडघा खाली रुतवायचा. असा. दुखणार. दुखलं तरी करायचं. पाय सरळ राहिला तर पुढचं सगळं जमतंय, काय?"

शमशूभाईनं मान डोलवली. सुगरानंही डोलवली. दवाखान्यात मान डोलवायला काय लागतंय?

आता पिढीजात कापूस पिंजणाऱ्या ह्या नदाफांच्या घरची एक रीत होती. गल्लीत कोणी दवाखान्यातून घरी आलं, की शमशूभाई त्याला उशी नेऊन द्यायचा. बाळंतीण असो, मोडकं हाड असो, हिंदू असो, मुसलमान असो, उशी जायचीच, आणि तीही सावरीच्या कापसाची. आजऱ्याकडचा एक ओळखीचा माणूस त्याला उन्हाळ्यात सावरीची बोंडं आणून द्यायचा. हा कापूस पिंजायचा नसतो. हलक्या काठीनं झोडायचा, बी झाडायचं, आणि हे करताना दार लावून घ्यायचं, नाहीतर अर्धा कापूस शेजाऱ्याच्या आमटीत. रेशमाहून मऊ. त्याचा बाप म्हणायचा, दुखऱ्या अंगाखाली मऊ घालावं, दुवा लागते. बाप गेला, शमशूभाईनं रीत चालवली. नमाज एखाद्या वेळी चुकली असेल, उशी चुकली नाही.

मग सगळ्या गल्लीला द्यायची आणि घरच्या माणसाला नाही?

सुगरा रात्र रात्र कण्हायची. "ही लाकडी पट्टी सोडा हो, पाय फुटायलाय माझा," म्हणायची. चार-सहा रात्री शमशूभाईनं ऐकून घेतलं. मग एका रात्री त्यानं पट्टी सोडली, आणि दिवसा भरून ठेवलेली छोटी उशी तिच्या गुडघ्याखाली सरकवली. गुडघा जरासा वाकून उशीवर टेकला. सुगरानं लांब श्वास सोडला. "अल्ला तुमचं भलं करो," एवढं म्हणाली आणि घोरायला लागली. शमशूभाई तिच्याकडं बघत बसला. त्याला मनातून फार बरं वाटलं. ती दवाखान्यातली पोरगी शिकलेली असेल, पण आपल्या बापालाही काही कळत होतंच की, असं त्याला वाटलं.

त्यानंतर पट्टी खिळ्याला टांगली ती टांगलीच. टॉवेलच्या गुंडाळीचा व्यायाम कधी व्हायचा, कधी नाही. उशी मात्र रात्रंदिवस.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो बघितला. हाड छान जुळलंय म्हणाले आणि अक्षताकडं पाठवलं. अक्षतानं सुगराला टेबलावर झोपवलं. गुडघ्याखाली आपला तळहात घातला आणि म्हणाली, "दाबा चाची, माझा हात चेंगरा." सुगरानं दात-ओठ खाऊन दाबलं. अक्षताचा हात आरामात बाहेर आला. तिनं मूठ वळून घातली. मूठ पण गेली आणि आली.

"चाचा, हा गुडघा सरळ कुठं हाय?" ती म्हणाली. "रात्री खाली काय घालताय?"

शमशूभाईनं छाती पुढं काढून सांगितलं. उशी. घरी केलेली. सावरीची.

अक्षता स्टुलावर बसली. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं, पण ती रागावली नाही. सकाळपासून तिनं किती जणांना तेच तेच सांगितलं असेल, तिचं तिला माहीत. त्यातले निम्मे तिला मालिशवाली म्हणायचे आणि उरलेले तिच्या तोंडावर हो म्हणून घरी जाऊन आपलंच चालवायचे. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून पोरीचे हात भरून आले होते.

"चाचा, वाकवला की बरं वाटतं म्हणून तर तो वाकून बसलाय. मागच्या शिरा आखडल्या. तुमी चाचीला झोप दिली, पण पाय चालला की हातचा!"

"आता?"

"आता उलटं. टाच उंचावर, गुडघा अधांतरी, त्याच्यावर वाळूची पिशवी. आणि वरनं तुमच्या हातानं दाबायचं. तीन टाइम. चाची रडंल, शिव्या देईल, सोडायचं न्हाय. तुमी तळहात खाली घालायचा, चाचीनं दाबायचं. हात सुटून येतोय तवर गुडघा वाकडाच. हात अडकला की समजायचं, जमलं. पुढच्या तपासणीपर्यंत झालं तर ठीक. न्हायतर डॉक्टर म्हणत्यात, परत भूल देऊन बघावं लागंल."

सुगरा उठून बसली. "मी त्या आपरेशनच्या टेबलावर पुन्यांदा चढायची न्हाय," ती म्हणाली. "लंगडी मरंन, पण ती पक्कड परत ऐकायची न्हाय. सांगून ठेवते."

शमशूभाई तिला ओळखून होता. ह्या बाईनं एकदा न्हाय म्हटलं की मौलाना आले तरी व्हय व्हायचं नाही. म्हणजे आता जे काय होतं ते पुढच्या तपासणीपर्यंतच होतं, आणि त्याच्याच दोन हातांत होतं.

रिक्षा बोळात शिरली तेव्हा समोरच्या उंबऱ्यावर शालूबाई बसल्या होत्या. शालूबाई एकट्याच राहायच्या. नवरा कधीच गेलेला, पोरगा पुण्याला, दिवाळीला येऊन तोंड दाखवणारा. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांचाही गुडघा मोडला होता. तेव्हापासून तो पाय कोयत्यासारखा वाकलेला, चालताना नुसता अंगठा टेकायचा, बाकी सगळा भार काठीवर. आणि त्या वाकड्या गुडघ्याखाली, उंबऱ्यावर, एक उशी. तेलकट, चपटी, कडेचे टाके मात्र अजून शाबूत.

टाके शमशूभाईचे होते. ती उशी तो रोज येता-जाता बघत होता. आज त्याला ती दिसली.

"काय म्हणाला डाक्टर?" शालूबाईंनी विचारलं.

"हाड जुळलंय."

"मग झालं की! आणि शमशूभाई, माझी उशी पार चपली बघा. सवडीनं भरून द्या. तुमच्या ह्या उशीवर मी दिवस काढले, खोटं न्हाय सांगत."

"देतो," तो म्हणाला. सुगराला आधार देऊन आत नेलं, पलंगावर टेकवलं, आणि दुकानात जाऊन कापसाच्या ढिगाऱ्यावर बसला. कितीतरी वेळ त्यानं पिंजायचं मशीन चालू केलं नाही. आपण आणखी कुणाकुणाला उशा दिल्या, हे आठवायचं नाही असं ठरवूनही एकेक तोंड डोळ्यांपुढं येतच होतं.

संध्याकाळी त्यानं जाड मांजरपाटाची खोळ शिवली आणि तिच्यात वाळू भरली. बोळाबाहेरच्या बांधकामावरून मागून आणलेली. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातच्या खोळीत कापूस सोडून दुसरं काही गेलं. टाके मात्र तसेच बारीक घातले, नाहीतर वाळू गळून पलंगभर झाली असती. सावरीची उशी त्यानं वरच्या फळीवर टाकली. तिचा एक कोपरा खाली लोंबत राहिला, तो पलंगावरून सुगराला दिसायचा.

आणि मग ते सुरू झालं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. टाचेखाली वीट, विटेवर टॉवेल, गुडघ्यावर वाळूची पिशवी, पिशवीवर शमशूभाईचे हात. सुगरा पहिल्यांदा अल्लाला हाक मारायची, मग आईला, मग शमशूभाईच्या मेलेल्या बापाला.

"ती उशी काढा की हो खाली. जरा येळ. पाया पडते तुमच्या."

"न्हाय."

"कसाई हाईसा कसाई! नदाफ कोण म्हणंल तुमाला?"

  दाबून झालं की तो चहा करायचा, तिला द्यायचा, ती तोंड फिरवायची. मग भात, आमटी, भांडी, तिचं अंग पुसणं, तिची वेणी. वेणी त्याला जमायची नाही, दोरीला पीळ घातल्यासारखी व्हायची. मग दुकान. लग्नसराईच्या ऑर्डरी अंगावर, आणि दाबून दाबून मनगटं अशी भरून यायची की गादीची लांब सुई सरळ जायची नाही. एका गिऱ्हाइकानं तिरका टाका बघून तोंडावर सांगितलं, "शमशूभाई, आता फोमची गादी घेतलेली बरी." एरवी त्याला राग आला असता. त्या दिवशी तो नुसता म्हणाला, "घ्या की."

इचलकरंजीहून लेक आली. आयेशा. आईचं ओरडणं ऐकून कोपऱ्यात उभी राहून रडली. तिच्या नवऱ्याची मागावर रात्रपाळी, पोरांची शाळा, दोन दिवसांवर राहता आलं नाही. जाताना दारात म्हणाली, "अब्बा, तिला एवढं कशाला छळायलाय? राहू दे की जसा हाय तसा पाय." आणि एसटीला गेली. तिला काय, सांगून जायचं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मूठ जायची बंद झाली तेव्हा शमशूभाईला हुरूप आला. नुसता तळहात जात होता. आता चार-आठ दिवसांत हात अडकेल, असा त्यानं हिशोब केला. पण चार-आठ दिवस गेले, आणखी गेले, हात तसाच आत जायचा आणि तसाच सुळकन बाहेर यायचा. सुगरानं बोलणं सोडलं. दाबताना ओरडायची तेवढाच तिचा आवाज. बाकीचा वेळ वर फळीकडं बघत पडून राहायची. ओरडली असती, भांडली असती, तर त्याला परवडलं असतं. त्या गप्प राहण्यानं तो घायकुतीला आला.

एका दुपारी दाबून झाल्यावर तो बाहेर आला आणि शालूबाईंच्या उंबऱ्याशी जाऊन उकिडवा बसला. बोळ तो केवढा, एका दारात शिंकलं तर दुसऱ्या दारातनं शतायुषी म्हणावं.

"शालूबाई," तो म्हणाला, "तुमची उशी भरून द्यायची न्हाय मी."

"का हो? कापूस महागला?"

"त्या उशीनं तुमचा पाय असा झालाय. दवाखान्यातली पोरगी म्हणाली. मला ठावं न्हवतं. माझ्या हातनं झालंय हे."  त्याला वाटलं, आता ह्या काठी उचलतील. उचलली तर बरं होईल, असंही वाटलं.

शालूबाई हसल्या. दात नसलेलं हसू.

"मला ठावं होतं की," त्या म्हणाल्या. "मला बी तवा दवाखान्यात सांगितलंतं. उशी घालू नका, पाय दाबून घ्या. कुणाकडनं दाबून घेऊ? भिंतीकडनं? आणि शमशूभाई, झोप लागायची हो त्या उशीवर. दिवसभर एकटीनं दुखणं काढायचं आणि रात्री बी डोळा लागू द्यायचा न्हाय, असं कुठवर? पाय काय, चालतोय तसा चालतोय. सुगराला द्या ती उशी. बास झालं. तुमचं तोंड बघा कसं उतरलंय."

शमशूभाई उठला. घरात गेला. स्टुलावर चढून फळीवरची उशी काढली, तिच्यावरची धूळ झटकली. खरं सांगायचं तर त्याच्यात काही उरलंच नव्हतं. आपण हरलो एवढं त्याला कळत होतं, आणि हरल्यावर आता निदान बसता येईल, असं वाटत होतं. पलंगाशी येऊन त्यानं उशी सुगराच्या गुडघ्याशी ठेवली.

"घे," तो म्हणाला. "घे बाई. झोप."

सुगरानं उशीकडं बघितलं. तिच्यावर हात ठेवला, बोटांनी जरा दाबून बघितली. कितीतरी दिवस जी मागत होती ती समोर होती. मग तिनं त्याच्याकडं बघितलं, नीट, वरपासून खालपर्यंत.

"तुमी बी थकलासा व्हय?"

शमशूभाई खाली फरशीवर बसला. "थकलो गं," तो म्हणाला. "तुझ्या पायावर हात टाकवत न्हाय आता. लई थकलो." आणि पोरासारखा रडला. लुनावरनं पडल्यापासून अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं.

सुगरानं त्याला रडू दिलं. दार उघडंच होतं, समोरचं बोलणं तिनं सगळं ऐकलं होतं.

"शालूबाईच्या घरात थकायला बी कोण न्हवतं," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली.

"उठा," सुगरा म्हणाली. "ती उशी घ्या आणि बुडाखाली घाला. पलंगाच्या लाकडावर बसून बसून कंबर गेलीया तुमची, रात्री कुशीवर वळताना कण्हतासा, मला काय ऐकू येत न्हाय? घाला बुडाखाली. आणि दाबा."

"आत्ता?"

"आत्ता न्हायतर काय ईदला? दाबा म्हंते न्हवं!"

शमशूभाईनं नाक पुसलं, उशी पलंगाच्या कडेवर ठेवली आणि तिच्यावर बसला. मऊ होती, बापाची शपथ. कंबरेला आराम पडला. त्यानं वाळूची पिशवी उचलून गुडघ्यावर ठेवली आणि वर हात ठेवले. सुगरानं पदर दातात धरला.

त्या दिवसापासून दुखणं कमी झालं असं कोणी समजू नका. दुखायचं तेवढंच, ओरडायचीही तेवढीच, शिव्या तर जास्तच द्यायला लागली, आणि नवीनसुद्धा. पण फळीकडं बघणं संपलं. मध्येच तो सैल पडला तर तीच डाफरायची, "जेवला न्हाईसा काय? जोर लावा!" तो दुकानात असताना एकटी पडून आपली आपण गुडघा खाली रुतवत बसायची. भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून. एकदा तो सुई न्यायला आत आला तर ती घामानं भिजलेली. "काय करतीस?" विचारलं तर म्हणाली, "काय न्हाय, पडलेय."

शालूबाईंनाही उशी मिळाली. त्यानं नवीन कापूस भरून नेऊन दिली, पण पाठीमागं लावून दिली आणि सांगितलं, गुडघ्याखाली दिसली तर उचलून नेईन. शालूबाई म्हणाल्या, "आता त्या पायाचं काय व्हायचं राहिलंय?" अक्षतालाही त्यानं विचारलं होतं. ती म्हणाली होती, इतक्या वर्षांचं आहे चाचा, फार काही व्हायचं नाही, तरी घेऊन या एकदा. पण तो आणि शालूबाई, दोघंही अजून गेली नव्हती. तेवढी ताकद कुणात नव्हती.

तपासणीचा दिवस आला. शमशूभाईनं पहाटेच उठून पाणी तापवलं. सुगरानं अबोली रंगाची साडी नेसली, त्यानं घातलेली वेणी तिनं सोडून पुन्हा आपली आपण घातली. जोतीरामला रिक्षा घेऊन यायला सांगितलं होतं. तो अजून आला नव्हता. सुगरा पलंगावर पाय लांब करून बसली.

"हात घालून बघा एकदा," ती म्हणाली.

शमशूभाईला बघायचं नव्हतं. काल संध्याकाळी हात निघाला होता. जोर लावून, खरवडत, पण निघाला होता. आता परत निघाला तर दवाखान्यापर्यंतचा रस्ता तिनं कसा काटायचा? आणि अक्षतानं मान हलवली, तर ही बाई टेबलावर चढायची नाही ती नाहीच. मग हा पाय असाच, आणि समोरच्या उंबऱ्यासारखा आपलाही एक उंबरा.

"तिथंच बघू की."

"तिथं ती पोरगी बघंल. हितं तुमी बघा."

तो उशीवर बसला. उजवा हात पसरून तिच्या गुडघ्याखाली सरकवला. सुयांनी टोचून टोचून राठ झालेली बोटं पलीकडच्या कडेला जाईपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"दाबू?"

"दाब."

सुगरानं दोन्ही हात मागं टेकले, मान खाली घातली आणि दाबलं. मांडी थरथरली. कपाळावरची शीर वर आली. ओरडली मात्र नाही. शमशूभाईनं हात ओढला. आला नाही. वाटलं, आपणच मनातून ओढत नाही. दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि जोर करून ओढला. खाली गादी, वर गुडघा, मध्ये हात. जागचा हलला नाही. बोटं चेंगरून दुखायला लागली, आणि त्या दुखण्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सोड आता," तो म्हणाला.

"न्हाय."

"अगं, बोटं मोडतील."

"मोडू देत. मला किती दिवस दाबलं तुमी?" ती त्याच्याकडं बघत होती. तिचेही डोळे भरले होते, आणि गुडघा तिनं तसूभर वर घेतला नाही.

बाहेर रिक्षा येऊन थांबली. जोतीरामनं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, मग हाक मारली, "ओ शमशूभाई, चला की! दवाखान्यात गर्दी हुतीया!"

आणि उभ्या जन्मात मोठ्यानं न बोललेला शमशूभाई असा ओरडला, की शालूबाई काठी टेकत दारात आल्या आणि बोळातलं कुत्रं उठून उभं राहिलं.

"थांब की रं जरा! हात अडकलाय माझा!"